रावसाहेबांचं औक्षण

लालासाहेबांनी लढाई फंडाला पैसा दिला, तो त्यांच्या उसाचा होता. त्याबद्दल बनुबाईचं काही म्हणणं नव्हतं. पण पैशाच्या जोडीला मेहरबानांनी पोरंही दिली, आणि ती मात्र दुसऱ्यांची. “पोरगा भरतीला धाडा, न्हाईतर शेत सोडा,” असा कुळांना सरळ दम. बनुबाईचा पोरगा कृष्णात असाच गेला आणि मागल्या साली इटलीत मेला. सरकारनं खूश होऊन लालासाहेबांना रावसाहेब केलं.

सत्काराला कलेक्टर येणार होता. शिपायाच्या घरच्या बाईनं औक्षण केलं तर साहेबावर छाप पडेल, असं या गृहस्थाला वाटलं. कृष्णातची बायको तानुबाई विधवा, तिला ताट धरता येत नव्हतं. बनुबाईचं कुंकू शाबूत होतं. लालासाहेब स्वतः तिच्या दारात आले.

“उद्या तू ओवाळायचंस. आली न्हाईस तर विहिरीजवळचं शेत दुसऱ्याला लावीन.”

ते गेल्यावर तिचा नवरा अर्जुना म्हणाला, “जाऊ नगंस.”

“आन खायाचं काय? तानीला कुठं धाडू?”

दुसऱ्या दिवशी मांडवात तिनं लालासाहेबांना कुंकू लावलं, अक्षता लावल्या, आणि ताट तसंच धरून ती थांबली.

“ओवाळणी काय घालताय, ते आदी सांगा.”

मांडव हसला. भाऊबीजेला बहिणी अशाच अडून बसतात. लालासाहेबही ऐटीत हसले. “माग की. काय पायजे ते माग.”

“विहिरीजवळचं शेत. माज्या सुनंच्या नावावर.”

त्यांचं हसू तोंडातच राहिलं. मामलेदारानं साहेबाच्या कानात सगळं सांगितलं. शिपायाच्या विधवेला जमीन! साहेब उठून टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच वाजवायला लागले. आता नाही म्हणायची सोय नव्हती.

“दिलं,” लालासाहेब दात आवळून म्हणाले.

“मामलेदारसायेब, लिवून घ्या,” बनुबाई म्हणाली. त्यानं लिहून घेतलं, लालासाहेबांची सही झाली.

मग तिनं ताट त्यांच्या तोंडासमोर उचललं आणि निरांजनाची वात चिमटीत धरून विझवली. असला अपशकुन कुणी वैऱ्यालाही करत नाही.

“वारा, वारा लागला,” लालासाहेब घाईनं म्हणाले. “काडी आणा कुणीतरी.”

“वारा न्हाई,” बनुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “दिवा मी इझवला.”