शिसवी झाकणावरची पाकळी

ज्याच्या हातावर आपण जन्मभर विसंबलो तोच हात चुकू लागला, तर ती चूक दाखवावी की पोटात घालावी? सत्य आणि माया या दोहोंचा मान राखू पाहणाऱ्याला हा प्रश्न फार जड जातो.

निवृत्त अभियंत्याने घरामागच्या खोलीत नक्षीकामाचे कातयंत्र स्वतः उभारले होते. जुन्या शिलाई मशीनचा पायाने चालवायचा पायटा, भंगारातली दंतचक्रे आणि मागच्या बाजूस काठावर छिद्रे पाडलेली पितळी चकती. या यंत्रात लाकूड स्थिर राही आणि फिरते पाते त्यात एक पाकळी कोरी. मग चकती नेमक्या छिद्रापर्यंत फिरवून तीत खुंटी घातली, की लाकूड पुढच्या पाकळीसाठी सिद्ध होई. खुंटीचे काम आरंभापासून त्यांच्या पत्नीकडे होते. ती स्टुलावर बसून खुंटी लावी आणि म्हणे, "बसली." त्या शब्दावाचून त्यांनी पाते कधी पुढे सरकवले नव्हते.

अलीकडे तिची स्मृती विरत चालली होती. लेकीसाठी शिसवी डबी करताना खुंटी शेजारच्या छिद्रात गेली. त्यांना ते दिसले. तरी तिने "बसली" म्हटले आणि त्यांनी कोरले. झाकणावरच्या फुलात एक पाकळी दुसरीवर चढली.

लेक भेटीला आली तेव्हा तिची नजर आधी कोपऱ्यात गेली.

"बाबा, फडक्याखाली काय झाकलंय?"

"चकती आपोआप फिरवून खुंटी लावणारी कळ. कधीचीच तयार आहे."

तिने झाकणावरची चढलेली पाकळी पाहिली. "मग लावत का नाही? एवढं चांगलं लाकूड वाया चाललंय!"

"लावतो. आईनं कुठं बसायचं, तेवढं सांग."

लेकीने स्टुलाकडे पाहिले. तोच आई आत आली, तिने झाकण उचलले आणि फुलावरून बोट फिरवले. बोट एका जागी थबकले.

"इथं दाटी झालीय. माझंच काम ना हे?"

लाकडाच्या रेषांवर दोष ढकलणे सोपे होते. ते म्हणाले, "हो. तुझंच."

"तेव्हा दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"वा! भाजीत मीठ कमी पडलं की लगेच तोंड वाजतं, आणि इथं मौनव्रत! अहो, मी विसरते म्हणून तुम्ही खोटं कोरणार?" तिने झाकण खाली ठेवले. "मला स्टुलावरून उठवायचं असेल तर सरळ सांगा."

"उठवायचं असतं, तर ती कळ अशी धूळ खात पडली नसती."

तिने फडके दूर केले, कळ एकदा फिरवून पाहिली. "हुशार आहे. माझी गरजच ठेवत नाही."

त्या दुपारी त्यांनी ती कळ खोलली. तिच्यातला केवळ अडसर काढून चकतीशेजारी जोडला. आता चकती हातानेच फिरवायची. मात्र नेमके छिद्र समोर येताच ती टक्क करून अडे.

"पोरीला नवीन झाकण करा," पत्नी स्टुलावर बसत म्हणाली. "बिघडलेलं माझ्या सुयांच्या डबीला होईल."

तिने चकती फिरवली. अडसर वाजला. खुंटी नीट आत गेली. पण तो नेहमीचा शब्द तिला आठवेना. ती खुंटीकडे पाहत राहिली. लेकीचे ओठ हलले, तसा अभियंत्याने हात वर करून तिला थांबवले. त्यांचा पाय पायट्यावर निश्चल होता.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बसली."

पाते फिरू लागले.

खुंटी लावणाऱ्या त्या हाताला आणि त्याच्यासाठी थांबलेल्या त्या पायाला एकमेकांची सोबत दीर्घकाळ लाभो. आणि दाराशी उभ्या असलेल्या लेकीला तेवढाच धीर मिळो.