एकाच डब्यातले दोन गळ

ज्याच्या काठीवरचा टार्पन मासा आधी बोटीच्या कडेला येईल, बोट त्याची, अशी अट बाबांनी घातली. त्यांची नजर अधू झालेली, गळाचं टोकही दिसेनासं झालेलं. आता बोट मी चालवायची की धाकट्या भावाने, एवढाच प्रश्न होता. मला वाटलं, चला, या घरात एकदा तरी निकाल मासे लावतील.

आमच्या गळ-दोरीच्या दुकानात अठरा वर्षं गळ मीच निवडते. आमिष जिवंत बोई माशाचं असेल तर टार्पनला गोल गळ, टोक आत वळलेलं. तो बोईच्या वरच्या ओठातून ओवायचा आणि टोक उघडं राहील एवढा मोठा घ्यायचा. लहान घेतला की टोक आमिषातच रुतून बसतं. साधा, सरळ टोकाचा गळ मासा पोटापर्यंत गिळतो. मग सोडून दिला तरी मरतो. गोल गळाचं पथ्य एकच, हिसका द्यायचा नाही. मासा वळून निघाला की नुसती दोरी गुंडाळत राहायची, गळ आपसूक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. हे मला बाबांनीच शिकवलं.

रविवारी सकाळी मी दोघांच्या दोऱ्यांना एकाच डब्यातले, एकाच मापाचे गळ बांधले. धाकट्याला बजावलंही, "हिसका देऊ नकोस."

"ताई, तू आपलं दुकान सांभाळ," तो म्हणाला.

पहिला मासा त्याच्याच दोरीला आला. भाऊरायांनी दोन्ही हातांनी असा हिसका मारला की गळ रिकामाच वर आला.

"गळच भिकार दिलाय हिने!"

नाचता येईना, अंगण वाकडं.

अर्ध्या तासाने माझी दोरी ताणली. टार्पनने चार उड्या मारल्या, माझे हात भरून आले, पण आला तो कडेला. मी बाबांचा हात धरून त्याच्या जबड्यावर ठेवला. कोपऱ्यात बसलेला गळ त्यांनी बोटांनी चाचपला. मग मी तो काढून मासा सोडून दिला.

धक्क्यावर उतरल्यावर बाबांनी सगळ्यांसमोर बोटीची किल्ली धाकट्याच्या हातात ठेवली. "त्याला गळ चुकीचा मिळाला. नाहीतर पहिला मासा त्याचाच होता."

मला रडू आलं, ते रागाचं.

दुसऱ्या दिवशी दुकानात बाबा एका गिऱ्हाइकाला समजावत होते, "गोल गळाला हिसका दिलात की आलेला मासा गेला. चूक गळाची नसते, हाताची असते."

गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "मग काल?"

"काल धक्क्यावर सगळे बघत होते. त्याचं हसं झालं असतं. तू समजूतदार आहेस."

समजूतदार! मुलाच्या वाट्याला बोट, मुलीच्या वाट्याला हा शब्द.

संध्याकाळी धाकटा किल्ली फिरवत आला. "ताई, उद्या पहिली फेरी आहे. गळ बांधून दे."

मी फळीवरचे सगळे डबे खाली काढले आणि उघडून त्याच्यापुढे मांडले. "बोट तुझी. निवड."

त्याने डब्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा चाचपडत पुढे आले, एक गळ उचलून डोळ्यांशी धरला, दिव्याकडे वळवला.

"पोरी, हा कितव्या नंबरचा गं?"

मी चपला घातल्या.

"धाकट्याला विचारा," मी म्हणाले.