मेलेल्या पहारेकऱ्याचं बटण

ताऱ्यांमधल्या लढायांची ती चित्रमालिका लोकांच्या अंगवळणी पडली होती. दर भागात एखादं तरी जग बुडायचं, आणि त्या बुडणाऱ्या जगात जी माणसं ओरडायची ती बहुतेक सगळी एकाच गळ्यातून ओरडायची. बाजारात निळे कोळसे विकणारा चार डोळ्यांचा म्हातारा, तो हा. त्या म्हाताऱ्याची थैली लांबवणारा चोर, तोही हाच. चोरामागे धापा टाकत पळणारा शिपाई हा, आणि शिपायाच्या नाकासमोर मिटता मिटता ‘कृपया दारापासून दूर राहा’ असं बजावणारं दारसुद्धा हाच. नायकाचा आवाज दुसऱ्याचा होता, आणि त्याचे फोटो छापून यायचे. याचं नाव पडद्यावर इतकं शेवटी यायचं, की तोवर दिवे लागून झाडूवाले आत शिरलेले असायचे.

स्टुडिओत त्याला सगळे किरकोळकाका म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी गमतीनं म्हटलं, त्याला ते आवडलं, आणि मग अंगावरच्या जुन्या स्वेटरसारखं ते नाव त्याच्यावर बसून गेलं.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनवर मान वाकवलेली ती, आणि पायाखाली कापडाच्या चिंध्यांचा रंगीत पाचोळा. तो घरात आला की ती वर न बघता विचारायची,

“आज कोण होऊन आलात?”

“एक मंत्री, दोन यंत्रमानव आणि एक जखमी गाढव.”

“गाढवाला फारसे कष्ट पडले नसतील.”

“उलट, तिथंच दिग्दर्शिका म्हणाली, अजून जीव ओता.”

“मग तिला म्हणावं, घरी या. घरी अगदी जीव ओतून करतात.”

अशी त्यांची संध्याकाळ सुरू व्हायची.

त्याच्या सगळ्या माणसांचं बिऱ्हाड एका पत्र्याच्या डबीत होतं. नावं तो विसरायचा, वस्तू विसरायचा नाही. गालात बाटलीचं बूच धरलं की मंत्री बोलायला लागायचा. बोटात शिवणाचं अंगुस्तान चढवून दातांवर टकटक केलं की यंत्रमानव जागा व्हायचा. नाकाशी जाड रुमाल धरला की सर्दी झालेला सेनापती. वस्तू हाती आली की मागून त्या माणसाची चाल यायची, त्याचा स्वभाव यायचा, त्याची खोडही यायची. काचेपलीकडे बसणारा ध्वनिमुद्रक, ज्याला सगळे नुसतं ‘कान’ म्हणत, तोही कागदावरचं नाव वाचायचा नाही. “काका, बूच घ्या,” म्हणायचा. “आता रुमाल.”

आणि त्या खोलीची एक रीत होती. गोष्टीत एखादं पात्र मेलं, की तो भाग पडद्यावर लागल्यानंतर त्याची वस्तू डबीतून काढून कचऱ्याच्या टोपलीत टाकायची. कान तेवढ्यापुरता एक रडका सूर वाजवायचा, सगळे हसायचे, आणि तो आवाज पुन्हा कधी वापरायचा नाही असं ठरून जायचं. बघणारे लोक मोठे वस्ताद होते. मेलेला आवाज दुसऱ्या तोंडातून आला की चारचौघांत बोभाटा करायचे.

ही रीत काकानं एकदाच मोडली होती. ती एका बटणासाठी.

बटण शर्टाचं होतं, पांढरं, चार भोकांचं. ते वरच्या दातांमागं धरलं की प्रत्येक ‘स’ला एक बारीक शीळ यायची. तशी शीळ बायकोच्या थोरल्या भावाच्या बोलण्यात होती. दादाच्या पुढच्या दोन दातांत चांगली खिडकी होती. दादा बस चालवायचा. ड्यूटी संपली की बहिणीकडे यायचा, दारातच उभा राहून ओरडायचा, “आहे का कुणी घरात, का सगळे सटकले?” मग आत यायचा, पोटभर जेवायचा आणि ताट तिथंच ठेवून उठायचा. बोलायला लागला की आधी “आता बघ” म्हणायचा, मग बघण्यासारखं काही असो वा नसो. बहीण मशीनच्या तालावर त्याला चिडवायला गायची,

फाटलं ते शिवू किती, दोऱ्याला गं अंत नाही,
भाऊ माझा दारी उभा, त्याला बसायाला उसंत नाही.

“उसंत आहे गं, जेवण दिसत नाही,” दादा म्हणायचा.

मेहुण्याची गंमत करावी म्हणून काकानं एका भागात किल्ल्याच्या पहारेकऱ्याला दादाचा आवाज दिला. दादा निम्मा बस डेपो घेऊन बघायला गेला. पडद्यावर पहारेकरी पुढं झाला, “सबूर! सही दाखव,” म्हणाला, आणि धुराचा एक लोट येऊन त्याचं सगळं आटोपलं. डेपोतली माणसं पोट धरून हसली. तेव्हापासून दादानं त्याला सोडलं नाही. जेवताना, निघताना, फोनवर, एकच टुमणं.

“जावईबापू, बहीण दिली तुम्हाला, आणि तुम्ही मला एका वाक्यात मारलंत?”

“गोष्टीची गरज होती, दादा.”

“आता बघ. गोष्टीला सांगा, माझी पण गरज आहे. पुढच्या भागात उठवा मला.”

“उठवतो.”

“शब्द?”

“शब्द.”

म्हणून बटण टोपलीत गेलं नाही. काकानं टाकल्यासारखं केलं आणि मुठीत ठेवलं. पण पुढच्या भागात जमलं नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. आणि गेल्या वर्षी दादा खराखुराच गेला. त्यानंतर एकदा काकानं घरात, बायकोला बरं वाटेल म्हणून, बटण तोंडात धरून दारातून हाक मारली होती. ती मशीनवरून उठली, आत गेली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाली, “तुम्ही जगातल्या कुणाचाही आवाज काढा. तो तेवढा या घरात नको.” त्यानं पुन्हा काढला नाही.

आता मालिकेचा शेवटचा भाग चालला होता. यापुढं जग बुडायचं नव्हतं, पहारेकरी लागायचे नव्हते. काकाच्या वाट्याला आलेल्या माणसांत जहाजाचा स्वयंपाकी होता, चार-दोन वाक्यांचा. ते पान हातात पडलं तेव्हाच काकानं मनाशी पक्कं केलं: शब्द पाळायचा तर इथं, नाहीतर कुठंच नाही.

त्या दिवशी सकाळी तो आवाजाच्या खोलीत उभा राहिला. भिंतींना गाद्या लावलेल्या, समोर कागद ठेवायची घोडी, वर मायक्रोफोन. घड्याळ काढून ठेवलं, कारण त्याची टिकटिकही ऐकू जायची. दोन बिस्किटं खाल्ली, कारण पोटाची गुरगुर तर कानाला घरी बसूनही ऐकू आली असती. मंत्री उरकला, सेनापती उरकला.

“आता स्वयंपाकी,” कान म्हणाला. “काय घेताय?”

काकानं पाठ फिरवून बटण तोंडात टाकलं आणि तो वळला.

“सूप सांडू नका रे, सरदार! सात सूर्यांवर शिजवलंय ते!”

काचेपलीकडे कानानं मान वर केली.

“काका, हा मेलाय.”

“कोण?”

“कोण काय! पहारेकरी. मीच सूर वाजवला होता याच्यासाठी.”

कानाशेजारी दिग्दर्शिका बसली होती. पेन्सिल केसांत खोचून ती कागद चाळत होती. ती थांबली. “हो, तोच. काका, दुसरं काहीतरी घ्या ना. लोक मला खातील. म्हणतील, मेलेला माणूस सूप कसं वाढतोय?”

“ओळखतील असं वाटतं?”

“तुम्हाला लोक ओळखत नाहीत, काका. तुमच्या आवाजांना ओळखतात.”

काकानं मान डोलावली. आजवर त्यानं कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. मर म्हटलं तर मरायचा, गाढव हो म्हटलं तर व्हायचा. त्यानं बटण काढलं, अंगुस्तान उचललं, ठेवलं. बूच उचललं, ठेवलं. मग घसा खाकरून त्यानं स्वतःच्या आवाजात बोलायला सुरुवात केली.

“बाई, म्हणजे त्याचं असं आहे, की हा जो आवाज... म्हणजे मी एकाला...”

पुढं काही येईना. मंत्र्याचं भाषण तो झोपेत करू शकला असता, पण स्वतःचं एक साधं वाक्य त्याच्या घशात अडकून बसलं. कान हळूच म्हणाला, “काका, पाणी देऊ?”

काकानं पाणी घेतलं नाही. बटण घेतलं.

“आता बघा बाई,” दादा म्हणाला. “साफ सांगतो. तुम्ही मला एका वाक्यात संपवलंत. सगळ्या डेपोसमोर! बायका-पोरं घेऊन आले होते लोक. शोभतं का तुम्हाला हे?”

दिग्दर्शिका हसली. पेन्सिल केसांतून काढून तिनं कागदावर ठेवली.

“पण तुम्ही मेलात ना हो, पहारेकरी?”

“कोण म्हणतं? दिसलो का मी मेलेला? नुसता धूर सोडलात आणि पुढं सटकलात. मी बस चालवायचो बाई. सकाळच्या धुक्यातून गाडी काढण्यात जन्म गेला माझा, तुमच्या धुराचं काय सांगता!”

“मग इतके भाग कुठं होतात?”

“सुट्टी साठली होती.”

कानानं यंत्रावर डोकं टेकलं आणि तो खांदे हलेपर्यंत हसला. दिग्दर्शिकाही हसत होती, पण काचेतून बघता बघता तिचं हसू सावकाश खाली उतरलं. काकाच्या चेहऱ्यावर हसण्याचा पत्ता नव्हता. डोळे भरले होते, आणि तोंड मात्र दादाचं होतं, ऐटीत.

“पहारेकरी,” तिनं हळू आवाजात विचारलं, “तुम्ही कोण लागता काकांचे?”

“मेहुणा. त्यानं शब्द दिलाय मला. मी तगादा लावायला राहिलो नाही, म्हणून त्यानं विसरावं असं थोडंच आहे?”

मग दिग्दर्शिकेनं पेन्सिल उचलली आणि स्वयंपाक्याच्या पानावर काहीतरी खरडलं.

“एक वाक्य वाढवते. सूप वाढताना नायक म्हणेल, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय. तुम्ही म्हणायचं, आधी दारावर होतो, धूर फार झाला, बदली मागून घेतली. चालेल?”

“आता बघा,” दादा म्हणाला, “अशी शहाणी बाई आधी भेटली असती तर मेलोच नसतो.”

त्यांनी ते एका दमात ध्वनिमुद्रित केलं. पोट वाजलं नाही, कागद वाजला नाही. संपल्यावर कान खुर्चीवरून उठून आत आला आणि त्यानं काकाला घट्ट मिठी मारली. या गडबडीत काकानं डबी झटकन मिटली, घड्याळ चढवलं, आणि तो निघाला. वाटेत कुणाशी बोलायची वेळ आली नाही. चालताना त्याच्या मनात एकच घोळत होतं: बायकोला सांगायचं कसं? न सांगावं तर ती चित्रपटगृहात, अंधारात, परक्या माणसांच्या मध्ये एकटी ते ऐकेल. सांगावं तर पहिलं वाक्य कोणतं? ‘अगं, ऐक,’ बरं. नाहीतर ‘रागावू नकोस,’ हे बरं. वाक्यं जुळवत तो आपल्या दारात पोचला, आणि ऐन वेळी सगळी विसरून नुसतं म्हणाला,

“आहेस का घरात?”

‘स’ला शीळ आली.

बटण तोंडातच राहिलं होतं. आणि बटणाबरोबर दादाही राहिला होता, अख्खा, घशापासून खांद्यांपर्यंत.

मशीन थांबलं. बायकोची मान वाकलेलीच राहिली, सुईखालच्या कापडावर तिचा हात पसरलेला. काकानं घाबरून तोंडावर हात नेला.

“काढू नका,” ती म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. “राहू दे जरा. मला एक विचारायचंय त्याला.”

तो उंबऱ्यावरच थांबला.

“दादा, माझी मोठी कात्री कुठंय?”

कात्री दादानं नेली होती, डेपोतल्या कुठल्याशा पडद्यासाठी, आणि कधी परत आणली नव्हती. विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. काकाला ते पाठ होतं.

“आता बघ,” दादा म्हणाला. “कसली कात्री? मी कात्रीला स्पर्शसुद्धा केला नाही.”

“खोटारडा,” ती म्हणाली. मग हसली, मग पदर डोळ्यांना लावला, आणि परत म्हणाली, “मेला तरी खोटारडाच.”

काका आत आला. बटण काढून त्यानं तळहातावर धरलं आणि सगळं सांगितलं, या वेळी स्वतःच्या आवाजात, अडखळत, मागचं पुढं आणि पुढचं मागं करत. तिनं बटण त्याच्या हातातून घेतलं, नळाखाली धुतलं, मशीनवरच्या चिंधीनं कोरडं केलं आणि डबीत बुचाशेजारी ठेवून डबी मिटली.

“तो स्वयंपाकी शेवटी मरतो का हो?”

“नाही. शेवटच्या प्रसंगात सगळे घरी जातात, आणि तो मागं राहून भांडी घासतो.”

“सगळ्यांची?”

“सगळ्या जहाजाची.”

तिनं मशीनवर बसून कापड सुईखाली सरळ केलं.

“घासू दे,” ती म्हणाली. “माझ्याकडं कधी स्वतःचं ताट उचललं नाही त्यानं.”