वाघरीच्या तोंडाला

‘‘भारतीय महिला फुटबॉलचं भवितव्य आज बारामतीत ठरणार आहे!’’

दादासाहेबांनी माइकवर गर्जना केली आणि टाळ्यांसाठी जागा सोडली. टाळ्या पडल्या. भवितव्य लगेच ठरायलाही लागलं असतं, पण एका गोलाला जाळीच नव्हती.

पुण्याहून दोन जाळ्या निघाल्या होत्या. एक बारामतीच्या स्टँडवर उतरली. दुसरी एसटीच्या टपावरच राहिली आणि तशीच इंदापूरला गेली. दादासाहेब क्रीडा मंडळाचे अध्यक्ष होते. जन्मात चेंडूला पाय लावलेला नसल्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. त्यांनी जोतीराम सरांकडे पाहिलं. मुलींना शिकवणारे सर काळजीने शिट्टी चावत होते.

‘‘सर, आमची वाघर आणायची का?’’ गोलात उभ्या राहणाऱ्या म्हाळसाने विचारलं.

वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. म्हाळसाच्या घरच्यांचा तळ त्या आठवड्यात माळेगावच्या अलीकडे, ऊस तुटून गेलेल्या रानात पडला होता. सर मोटरसायकल घेऊन गेले आणि वाघर घेऊन आले. मागच्या सीटवर वाघर मांडीवर घेऊन म्हाळसाचे आजोबा, अप्पाही आले.

‘‘तुम्ही कशाला त्रास घेतला?’’ दादासाहेब म्हणाले.

‘‘वाघर एकटी कुठं जात न्हाय,’’ अप्पा म्हणाले आणि स्वतःच खुंट्या ठोकायला बसले.

म्हाळसाच्या कारकिर्दीची सुरुवातही या वाघरीपाशीच झाली होती. संध्याकाळी मेंढरं आत घेतली की वाघरीच्या तोंडाला कुणीतरी उभं राहावं लागतं, नाहीतर कोकरं उड्या मारून बाहेर पळतात. बाप पुढच्या गावी चराईचं रान बघत हिंडायचा, आई चुलीशी असायची, तोंडाला म्हाळसा. एकदा जोतीराम सर रस्त्याने जाताना तिने एक कोकरू हवेतल्या हवेत झेललं. सरांनी सायकल आडवी टाकली. पहिल्या दिवशी मैदानावर तिला गोलात उभं केलं, तर ती जाळीकडे तोंड आणि मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. तिला माहीत असलेले सगळे पळपुटे आतूनच यायचे. सरांनी खांद्याला धरून तिला फिरवलं. त्यानंतर फारसं काही शिकवावं लागलं नाही.

आज पुण्याच्या निवड समितीच्या स्वरूपाबाई आल्या होत्या. राज्याच्या संघासाठी त्यांना गोलरक्षक हवी होती. निवड झाली की महिनाभर पुण्यात शिबिर, पुढे देशभर सामने, आणि नशीब असलं तर खेळाडूंसाठी राखीव जागेवर नोकरी. मागच्या वर्षीही म्हाळसाला बोलावणं आलं होतं. तेव्हा अप्पांनी एवढंच विचारलं होतं, ‘‘आन वाघरीच्या तोंडाला कोण?’’ म्हाळसा गेली नाही. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती.

सामना सुरू झाला. अप्पा आपल्या वाघरीमागे एका खुंटीवर हात ठेवून बसले. शेजारी मैदानाला चुन्याची फक्की मारणारा सिद्धू होता.

‘‘काय रं, ह्या पुण्याच्या पोरी त्यो चेंडू आत घालाया बघत्यात व्हय?’’

‘‘व्हय.’’

‘‘मग ही घालू का दीना?’’

‘‘त्येच तर तिचं काम हाय, अप्पा.’’

अप्पांनी यावर बराच विचार केला. ‘‘आमच्यात आत आलं की जीव वाचतोय,’’ ते म्हणाले.

थोड्या वेळाने पुण्याच्या एका उंच मुलीने कोपऱ्यातून फटका मारला. म्हाळसाची बोटं लागली, पण चेंडू गेलाच. वाघर पोट फुगवून मागे आली आणि चेंडू तिच्यात बसला. बारामतीच्या बाजूला शांतता पसरली. त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवत होता.

‘‘आलं बगा! दोर बी तुटला न्हाय!’’

सिद्धूने कपाळाला हात लावला. म्हाळसा वळली. तिने अप्पांकडे पाहिलं, आणि अडकलेलं कोकरू सोडवावं तसा चेंडू हलक्या हाताने सोडवून घेतला. फेकण्याआधी नकळत त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. म्हाळसा पलीकडच्या गोलात गेली. छत्री उघडून स्वरूपाबाईही तिकडे गेल्या. अप्पा जागचे हलले नाहीत. आता वाघरीसमोर पुण्याची गोलरक्षक होती, आणि तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. ती वेणी सोडून पुन्हा घालत होती.

‘‘अप्पा, तुमची पोर तिकडं हाय.’’

‘‘वाघर हितं हाय.’’

पलीकडून आरडाओरडा आला. मग पुन्हा आला.

‘‘काय चाललंय रं तिकडं?’’

‘‘अडवतीया. एक बी जाऊ दीना.’’

अप्पा उठले. त्यांनी खुंटी हलवून पाहिली, दोर ओढून पाहिला. मग धोतराचा सोगा खोचला आणि मैदानाच्या कडेने चालायला लागले. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही. सिद्धूने सरकून खुंटीवर हात ठेवला.

ते पोचले तेव्हा पंचांनी पुण्याला पेनल्टी दिली होती. बाकीच्या मुली मागे हटत होत्या.

‘‘ह्या समद्या का सरल्या?’’ अप्पांनी स्वरूपाबाईंना विचारलं. ‘‘एकटीलाच का ठिवली?’’

‘‘नियम आहे, अप्पा. आता ती आणि चेंडू.’’

म्हाळसाने गुडघे वाकवले, हात फाकवले. उंच मुलगी धावत आली. फटका बसला, म्हाळसा आडवी झाली आणि चेंडू पोटाशी घेऊन तशीच पडून राहिली. स्वरूपाबाईंनी शेजारी पाहिलं. अप्पांचेही गुडघे वाकले होते, हात फाकले होते.

बारामती एका गोलाने हरली. स्वरूपाबाई अप्पांपाशीच थांबल्या होत्या.

‘‘हिला मी पुण्याला नेणार. तुमचं काय म्हणणं आहे?’’

म्हाळसा बुटाच्या टोकाने माती उकरत उभी होती.

‘‘तितं बी जाळी असती?’’ अप्पांनी विचारलं.

‘‘असते ना.’’

‘‘कुणाची?’’

‘‘सरकारची.’’

‘‘मग तिच्याकडं बगाया कुणी नसंल.’’

त्यांनी म्हाळसाकडे पाहून मान हलवली. म्हाळसाची माती उकरणं थांबलं.

तेवढ्यात दादासाहेबांना बातमी कळली. त्यांनी माइक धरला. बारामतीचं नाव आता सातासमुद्रापार जाणार होतं, येणाऱ्या पिढ्या या मैदानाची माती कपाळाला लावणार होत्या. बोलता बोलता त्यांनी अप्पांचा दंड धरून त्यांना मंचावर ओढलं.

‘‘या थोर आजोबांनी आता दोन शब्द बोलावेत!’’

अप्पांनी माइककडे संशयाने पाहिलं. मग मैदानापलीकडे, मावळतीकडे पाहिलं.

‘‘वाघर तेवढी लौकर सोडून द्या,’’ ते म्हणाले. ‘‘दिस बुडाया आला. आजपासनं तोंडाला मलाच उभं ऱ्हायाचंय.’’