खाजकुयली

नागूच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून सोनुबाई नवऱ्याला बैलगाडीत घालून कर्जतच्या डॉक्टरकडं नेत होती. तिथं विजेच्या मशीनचा चटका बसला की त्याची मेलेली बोटं टणाटण उडायची. मशीन बंद केलं की पुन्हा लाकूड.

"बाई, बोटं मशीन हलवतंय," डॉक्टर शेवटी म्हणाले. "हुकूम त्याच्या डोक्यातून सुटला पाहिजे. आता आणू नका."

हुकूम! माणसाचा हात कशानं आपसूक धावतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पळसदरीच्या रानातून तिनं खाजकुयलीच्या शेंगा आणल्या आणि त्यांची लव नागूच्या धडधाकट उजव्या हातावर खसाखसा चोळली.

"आता खाजवा! डाव्या हातानं खाजवा, अवं!"

नागू तळमळला, वाकड्या तोंडानं गुरासारखा हंबरला. उजव्या हातावर गांध्या उठल्या. डावा गोधडीवर पडला होता तसाच पडून राहिला.

सोनुबाईची स्वतःची बोटंही पेटली होती. तिनं त्याचा तो थंडगार डावा हात उचलला आणि त्याच्याच नखांनी त्याचा उजवा हात खाजवायला लागली.

"हलतोय बगा," ती म्हणत राहिली. "हलतोय."