सांडलेला निळा

तीस वर्षं बाई पाट्या रंगवत होत्या. शाळा, दवाखाने, शिवणवर्ग, शहरातली निम्मी अक्षरं त्यांच्या हातची. आधी खडूची दोरी मारायची, पेन्सिलीनं आखायचं, मगच ब्रश उचलायचा. एखादी वेलांटी जराशी कलली, तरी सगळी ओळ पुसून पुन्हा काढायच्या.

धाकटी बहीण शाळेत चित्रकलेला जेमतेम पास झालेली. निवृत्त झाल्यावर तिनं शनिवारचा एक वर्ग धरला आणि पातळ केलेले रंग पेल्यांतून फळीवर ओतायला लागली. फळी तिरकी करायची नि रंग जातील तिकडे जाऊ द्यायचे.

"याला चित्र म्हणतात? नुसती सांडलवंड!" बाईंनी नाक मुरडलं होतं.

मग एकदा दाढ ठणकली म्हणून त्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. समोरच्या भिंतीवर धाकटीचं भलंमोठं निळं चित्र, आणि त्याखाली बाईंनीच रंगवलेली 'शांतता राखा' ही पाटी. गाल सुजलेले एक गृहस्थ कसेबसे म्हणाले, "काय सुरेख आहे हो!" पाटीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बाईंची दाढ राहिली बाजूला, पोटातच दुखायला लागलं.

त्या तडक धाकटीकडे गेल्या. "आण एक फळी. दहा मिनिटांत त्या डॉक्टरांकडच्या चित्राहून चांगलं काढून दाखवते."

धाकटीनं खुशीनं सगळं मांडून दिलं. बाईंनी मध्ये निळा, बाजूला तांबडा, कडेला पांढरा, असा हिशेबानं रंग ओतला. निळा हद्द सोडून पळाला. त्यांनी काडीनं त्याला मागे ढकललं, तांबडा मध्ये आला, आणि बघता बघता सगळ्याचा चिखल झाला.

धाकटी हसली, पण ताईचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं. मग हळूच म्हणाली, "ताई, डॉक्टरांकडचं चित्र ओलं असतानाच माझ्या हातून निसटून पडलं होतं गं, म्हणून तसं झालं."

"म्हणजे पडलेल्या चित्राचं एवढं कौतुक!" बाईंचा बांध फुटला. "आई फक्त माझ्या अक्षराचं कौतुक करायची. तेवढंच एक माझं होतं. तेही तुला हवं झालं?"

"आणि ते कौतुक रोज ऐकायचं कुणी? तुझ्या वहीवर शाई सांडावी, असं मला किती वर्षं वाटायचं, माहितेय?"

हे बाईंच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

त्यांनी दुसरी फळी ओढली. या वेळी काही ठरवलं नाही. फळी कलली, निळा काठावरून त्यांच्या पावलावर ओघळला. काडीकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. कोपऱ्यात तांबड्याला आपोआप बारीक जाळी पडली. ती त्यांनी आखली नव्हती, तरी त्यांचीच होती.

शनिवारी बाई वर्गात धाकटीशेजारी जाऊन बसल्या. शिक्षिका नेमक्या धाकटीच्या फळीपाशी जास्त वेळ थांबल्या. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी खुर्ची जवळ सरकवली.

"किती तिरकी धरलीस गं?"

"खरंच नाही माहीत."

"खोटारडी!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपला पेला फळीवर उपडा केला.