दसऱ्याची गोळी

कंटाळा आलाय मला, खरं सांगते. धाकट्या भावाने, सगुणने, फीटची गोळी घेतली की नाही हे बघायला रोज सकाळी मी सासरहून माहेरी खेप घालते. चाळिशी ओलांडलेला बाप्या, आणि गोळी म्हटली की तोंड फिरवतो.

आमच्या बाबांच्या अंगात दसऱ्याला देवाचा भार यायचा. अख्खा गाव त्यांच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा. एका दसऱ्याला ते भारातच कोसळले, ते उठलेच नाहीत. देवाने नेलं, असं गाव म्हणाला. आम्हीही तेच म्हटलं. मग त्यांच्या जागी सगुण उभा राहिला आणि त्यालाही भार येऊ लागला.

यंदा मात्र तो न्हाणीत झटके येऊन पडला. साबण लावताना कसला आलाय देव? इस्पितळात डोक्याचा एमआरआय काढला, तर मेंदूत रक्तवाहिन्यांच्या गाठी, करवंदांच्या घोसासारख्या. डॉक्टरीण म्हणाली, "हे आईबापांकडून येतं. काहींना जन्मभर कळतही नाही, पण गाठ फुटली तर जीवावर बेततं. गोळ्या चुकवू नका. बहिणीने आणि मुलांनीही तपासून घ्यावं." मला आणि माझ्या लेकीला, तनयाला, दिवाळीनंतरची तारीख मिळाली.

दसरा जवळ आला तसा सगुण गोळ्या उशीखाली लपवू लागला.

"गोळी घेतली तर भार येवचो नाय गे ताय. लोक काय म्हणतले?"

"देवान नेलो म्हणतले. बाबांक म्हटला तसाच."

माझं डोकं फिरलं होतं. दसऱ्याला सकाळी समोर बसवून गोळी गिळायला लावली, तोंड उघडून दाखव म्हटलं.

देवळात ढोल वाजत राहिले. सगुण घामाघूम होऊन उभा, पण भार काही येईना. लोक कुजबुजू लागले. त्याची मान खाली गेली. मला त्याची कीव आली, पण जीव भांड्यात पडला होता.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यात माझी तनया पडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. लोकांनी हात जोडले, कुणी नारळ पुढे केला. मी धावले, तर दोघींनी मला मागे ओढलं.

"हात लावू नको, देव आसा."

सगुण गर्दी सारत आला. खाली बसून त्याने तनयाला कुशीवर वळवलं आणि तिच्या डोक्याखाली आपलं उपरणं सारलं.

"ह्यो देव नाय," तो म्हणाला. "बाबांच्या अंगातय नव्हतो, माझ्याय नव्हतो. गाडी काढा."